मलकसरचं पाणी

तर नोपाराम त्या नळापुढे उभा, हातात रिकामी लोटी, आणि ओठांवर वाळूचे पापुद्रे. काल आपण इथवर आलो होतो आणि जेवणाची हाक आली म्हणून राहिलं. घरून भरून नेलेली सुरई जातानाच गाडीत कुणा बाईच्या पत्र्याच्या पेटीखाली सापडून फुटली होती, आणि आता हा परतीच्या वाटेवर होता. जेठाचं ऊन. मलकसर स्टेशनच्या फलाटावर लोखंडी नळ, आणि हा त्याच्याकडे वैऱ्याकडे बघावं तसा बघतोय.

मलकसरचे स्टेशनमास्तर बाहेर आले. म्हणाले, "भर की रे. बघतोस काय?"

"मास्तर, हा नळ कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? रेल्वेचा."

"गावाचा नाही ना?"

"नाही बाबा, सरकारचा आहे."

नोपारामने लोटी पुढे केली. नळाला हात लावला. मग हात मागे घेतला.

"आणि पाणी?"

"पाण्याचं काय?"

"पाणी कुठनं येतं?"

मास्तर सरळ माणूस. खोटं बोलले असते तर पुण्य लागलं असतं, पण सुचलं नाही. म्हणाले, "ती काय, चार मिनारांची विहीर. तिथनं."

"म्हणजे मलकसरची?"

"मग काय जयपूरची?"

नोपारामने लोटी उलटी करून काखेत धरली. "मग राहू द्या. नळ तुमचा आहे, पण पाणी माझ्या लेकीच्या गावचं." आणि परतीची गाडी येईपर्यंत बाकावर बसून राहिला.

हे मला त्या मास्तरांनीच पुढे सांगितलं, हसत हसत. मीही हसलो. आमच्याकडे बाप लेकीच्या गावचं पाणी पीत नाही, हे तर पोरासोरांनाही ठाऊक. पण गावची हद्द स्टेशनच्या नळापर्यंत आणून भिडवणारा बाप मी हा एकच पाहिला.

मी त्या वेळी हरनाथगढ स्टेशनवर पाणीवाला होतो. गाडी आली की बादली घेऊन खिडकीखिडकीशी फिरायचं, लोट्यातनं ओंजळीत धार धरायची. शाळा चौथीपर्यंत, पण जात ब्राह्मणाची, आणि त्या काळी या नोकरीला तेवढीच परीक्षा असे. सगळा गाव मला महाराज म्हणायचा. राज्य काय, एक बादली आणि एक लोटा. नोपाराम मलकसरला निघाला की आधी माझ्याकडे यायचा. "महाराज, सुरई काठोकाठ भरा. जाण्याचं पाणी वेगळं, येण्याचं वेगळं." मी म्हणायचो, "अरे, लेकीला भेटायला चाललास की वाळवंट ओलांडायला?" तो म्हणायचा, "दोन्ही एकच."

नोपाराम रेलवाल्या हवेलीचा चौकीदार. आमच्या गावात रंगवलेल्या हवेल्या उदंड, पण रेल एकाच भिंतीवर. ज्या चिताऱ्याने ती काढली त्याने गाडी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. सेठ कलकत्त्याहून आले, त्यांनी तोंडी वर्णन केलं, आणि याने ओल्या चुन्यावर तसं उतरवलं. त्यामुळे इंजिनाला चाकं आहेत पण खाली रूळ नाहीत. धूर मोराच्या पिसाऱ्यासारखा मागे पसरलाय. आणि ड्रायव्हर चाबूक घेऊन बसलाय, बैल हाकल्यासारखा. खिडक्यांतले सगळे उतारू एकाच मिशीचे. पुढे खरी गाडी गावात आली तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली म्हणे, की भिंतीवरची बरी होती, आवाज तरी करत नव्हती.

सेठांची मंडळी कलकत्त्याला. हवेली कुलपात. किल्ल्या नोपारामच्या कमरेला. दर सकाळी एकेक दार उघडायचं, झाडायचं, ऊन आत घ्यायचं, परत लावायचं. बायको लवकर गेली, तेव्हा लेक सिणगारी बापाच्या मागोमाग दारं उघडत मोठी झाली. लहान असताना त्या भिंतीवरच्या गाडीकडे बोट दाखवून विचारायची, "बापू, ही कुठं जाते?" हा म्हणायचा, "तुझ्या सासरी." मग ती त्या ड्रायव्हरला दगड मारायची. त्याच्या गालाचा एक पोपडा अजून उडालेला आहे. हवेलीच्या चौकीदाराच्या पोरीनं हवेलीचं चित्र फोडावं, आणि चौकीदारानं ते सगळ्यांना कौतुकानं दाखवावं.

ती लग्नाची झाली आणि मलकसरचं स्थळ आलं, तेव्हा नोपारामपुढे एक पेच आला. वरात आणायची कुठं? त्याचं स्वतःचं म्हणून दार नव्हतं. राहायचा तो हवेलीच्या मागच्या पडवीत, तिथं दाराऐवजी तट्टा लावलेला. आमच्याकडे नवरदेव घोडीवरूनच दारावरच्या लाकडी तोरणाला हिरवी फांदी लावतो, मग आत येतो; ते तोरण ठोकणार कशावर, तट्ट्यावर?

योग असा की मोठ्या सेठाणी त्या साली नातवाचं जावळ काढायला कलकत्त्याहून आल्या होत्या. सत्तरीची विधवा बाई, आवाज मात्र फौजदाराचा. नोपाराम पायऱ्यांखाली उभा राहून म्हणाला, धर्मशाळेच्या दारातून लग्न लावून घेतो, तेवढी चार दिवसांची रजा द्या. बाई म्हणाल्या, "धर्मशाळा? माझ्या हवेलीचं दार रोज कोण उघडतं?"

"मीच, हुकूम." आमच्याकडे मालकांना असंच म्हणतात.

"मग तुझी लेक दुसऱ्याच्या दारातून कशाला जाईल?"

आणि वरात हवेलीच्या मोठ्या दरवाज्यावर आली. भोलू सुताराने तोरण केलं. कमानीची लाकडी चौकट आणि तिच्यावर पोपट. सेठांच्या लेकींची तोरणं त्या दारावर ओळीने होती, चांदीचा वर्ख लावलेली, आरशांची. सिणगारीचं साधं रोहिड्याच्या लाकडाचं, हिरवा-तांबडा रंग. त्यातला एक पोपट मान वळवून मागे बघत होता. नोपाराम सुतारावर चिडला, "सगळ्यांची तोंडं पुढे, याचंच मागे कसं?" भोलूला गाठीचं लाकूड लागलं होतं, छिन्नी वळली होती, पण तो कबूल करतोय थोडाच. म्हणाला, "अरे, लेक जाताना एकदा मागे बघतेच की. तो तिचा पोपट." नवऱ्या मुलाने घोडीवरून फांदी लावली, आणि तोरण सेठांच्या लेकींच्या ओळीत शेवटी ठोकलं गेलं.

ठोकलं की ते काढायचं नसतं. उन्हावाऱ्यात आपण होऊन गळेल तेव्हा गळेल. येणारा-जाणारा दाराकडे नजर टाकतो आणि ओळखतो, या घरातून किती लेकी गेल्या.

नंतर नोपाराम वर्षातून एकदोनदा मलकसरला जाऊन यायचा. व्याह्यांच्या ओसरीवर बसायचा, सिणगारी घुंगट घेऊन दाराआड उभी राहायची, आणि हा आपल्या सुरईतनं स्वतःचं पाणी प्यायचा. मला येऊन सगळं सांगायचा. एकदा म्हणाला, "पोरीनं आज दाराआडून विचारलं, बापू, सुरईतलं घोटभर मला द्याल? हरनाथगढचं आहे ना?" मी विचारलं, "मग?" म्हणाला, "सगळी तिलाच देऊन आलो." त्या दिवशीही तो तहानलेलाच आला होता, पण खुशीत.

दुसऱ्या बाळंतपणात ती गेली. पहिलं मूल जगलं नव्हतं, हेही गेलं.

निरोप सकाळी आला आणि नोपाराम आहे तसा गाडीत चढला. सुरई भरायची त्यालाही आठवण राहिली नाही, आणि मलाही नाही. मलकसरचं स्मशान गावाबाहेर टेकाडावर, तिथं खेजडीचीही सावली नाही. लोकांनी त्याच्यापुढे तांब्या धरला. म्हणाले, आज तरी घे. त्यानं नुसते हात जोडले. संध्याकाळच्या गाडीने परत आला. हरनाथगढच्या फलाटावर उतरला तो थेट माझ्या बादलीपाशी येऊन खाली बसला आणि ओंजळ पुढे केली. मी ओतत होतो आणि तो पीत होता. गाडी निघून गेली, उतारू पाणी पाणी करत गेले, आमचे मास्तर माझ्यावर ओरडले. मी हललो नाही. बादली संपली तेव्हा त्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "महाराज, उद्या येतो," आणि किल्ल्या वाजवत हवेलीकडे गेला. दारं लावायची राहिली होती.

जावयाने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. त्यात वाईट काही नाही, पण मलकसरला जायला नोपारामला कारण उरलं नाही. दारावर तोरण तेवढं राहिलं. सकाळी दार उघडताना तो एकदा वर बघायचा. पावसाळी वारं सुटलं की शिडी लावून खिळे चाचपायचा. लोक म्हणायचे, नोपाराम सेठांची तोरणं फार जपतो.

पुढे वर्षं गेली. मोठ्या सेठाणी गेल्या. छोटे रूळ उखडून मोठे आले, माझी नोकरी संपली, पाण्याच्या बाटल्या आल्या. आणि मग जयपूरच्या कुणा टूरवाल्यांनी जुन्या थाटाची गाडी सुरू करायचं ठरवलं. लाल मखमलीच्या बाकांची, पितळी दिव्यांची. रंगीत हवेल्यांची गावं एकामागून एक दाखवायची. पहिला थांबा हरनाथगढ, रेलवाली हवेली बघायला, आणि दुपारचा मुक्काम मलकसर, तिथं त्यांनी एक हवेली घेऊन हॉटेल केलं होतं. आमची हवेली सेठाणींच्या नातवाने कलकत्त्याहून फोनवरच त्यांना वापरायला दिली. हे तेच जावळाचं पोर. दाढी येऊन पांढरी व्हायला लागली, पण तेव्हापासून हरनाथगढला फिरकला नव्हता.

टूरवाल्यांचे भटनागर साहेब आले. माणूस चांगला, उगाच वाईट म्हणणार नाही. नोपारामला बाबा म्हणायचे, त्याची नोकरीही तशीच ठेवली. दरवाजा रंगवायचा होता. मागे कधी सिनेमावाले येऊन गेले होते, त्यांनी बाजारातल्या झालरी आणि तोरणं ठोकून ठेवली होती, ती काढायची होती. साहेबांनी वर बोट करून विचारलं, "बाबा, यातली हवेलीच्या लेकींची कुठली आणि बाहेरची कुठली, तेवढं सांगा."

नोपारामने सेठांच्या लेकींची एकेक नावं घेतली. शेवटच्याशी आला.

"आणि हे?"

आता इथं त्याने एक शब्द बोलायचा होता. पण त्याच्या मनात भलतंच आलं. परवानगी देणाऱ्या सेठाणी नाहीत. नवे सेठ ऐकतील की चौकीदाराने आमच्या आत्यांच्या ओळीत आपल्या पोरीचं तोरण लावलं, तर काय समजतील? तो म्हणाला, "हे हवेलीच्या लेकीचं नाही." खरं तेच बोलला. काढायची कुठली म्हणून विचारताहेत, हे त्याच्या ध्यानात आलं नाही; त्याला वाटलं, साहेबांना सेठांच्याच तोरणांशी काम, मग याला कोण हात लावतंय.

रंगारी आले त्या दिवशी तो वरच्या माडीवर जाळी काढत होता. संध्याकाळी दार लावायला खाली आला आणि सवयीनं वर बघितलं. सेठांच्या लेकी होत्या. शेवटी नुसती खिळ्यांची भोकं.

रंगाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "ते होय? साहेब घेऊन गेले. मलकसरच्या हॉटेलचं दार बोडकं आहे, तिथं लावणार आहेत. तुम्हीच म्हणालात ना, हवेलीचं नाही म्हणून?"

नोपाराम माझ्याकडे आला आणि ओसरीवर बसला. मी म्हटलं, "साहेबांना सांग सरळ."

"काय सांगू, महाराज?"

"माझ्या लेकीचं आहे, आणून द्या."

"विचारतील, मग तेव्हा का नाही बोललास."

"विचारू देत की. दोन शिव्या खा आणि तोरण आण."

"शिव्यांचं काही नाही. ज्या दारातून ती गेली, त्याच दारावर तिचं तोरण चोरून लावलेलं ठरेल."

शेवटी त्याला न विचारता मी स्वतःच साहेबांना सांगितलं. पहिली गाडी आली त्या दिवशी फलाटावर ढोली, नगारा, झेंडूच्या माळा, आणि त्या गर्दीत मी भटनागरांना धरलं. सगळं ऐकून त्या माणसाचा चेहरा उतरला. नोपारामला बोलावून म्हणाले, "बाबा, एक शब्द बोलायचा होता की. असेच दोघं गाडीत बसा. मलकसरला शिडी लावून उतरवून देतो, संध्याकाळच्या गाडीनं घेऊन परत या. आणि ते तुमच्या हातानं परत दारावर लावा. सेठांशी मी बोलतो."

नोपाराम म्हणाला, "जागेवरच लावू ना? शेवटी?"

"शेवटी लावा, पहिलं लावा, तुमची मर्जी."

मी त्याला इतका खूष त्या पोरीच्या जाण्यानंतर पाहिला नव्हता. घरी जाऊन धुतलेली पगडी घालून आला, खिशात नवे खिळे घेऊन. मखमलीच्या बाकावर टोकाला बसला. दिल्लीच्या एका बाईंना वाटलं आम्ही कार्यक्रमातलेच. त्यांनी आमचा फोटो काढला आणि मला म्हणाल्या, "गाणं कधी सुरू करणार?" मी म्हटलं, "बाई, आम्ही पाणी पाजणारे, गाणारे पुढच्या डब्यात." नोपाराम हसला. पोऱ्याने पाण्याच्या बाटल्या आणल्या तर याने एक उघडून घटाघटा संपवली.

मी म्हटलं, "अरे, हळू."

"सिग्नल यायच्या आत पिऊन घेतो," तो म्हणाला. "सिग्नलपासून मलकसर लागतं."

"अजून? नोपा, ती जाऊन किती काळ झाला."

त्याने बाटलीचं झाकण लावलं आणि बाहेर बघायला लागला. वाळू, खेजड्या, उंटगाडी. सिग्नल गेला.

मलकसरला हॉटेलच्या दारावर ते आम्हाला लांबूनच दिसलं. त्यांनी नुसतं तेलपाणी केलं होतं, रंग तसाच ठेवला होता. कमानीच्या बरोबर मध्यभागी लावलेलं, खाली झेंडूच्या माळा. मागे बघणारा पोपट त्या गल्लीकडे तोंड करून होता जिच्यात सिणगारीचं सासर. नोपाराम खाली उभा राहून बघत राहिला. पाहुणे आत गेले. साहेबांनी शिडी मागवली, एक माणूस पक्कड घेऊन वर चढला.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून आली. बराच वेळ न्याहाळून म्हणाली, "सिणगारीचे बापू ना तुम्ही?"

इतक्या वर्षांत त्याला कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती. त्याने मान हलवली.

"मी तिच्या शेजारची. पापड लाटायला यायची माझ्याकडे. तुमच्याच गोष्टी सांगायची, सुरईच्या." म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "उन्हातनं आलात. थांबा, पाणी आणते."

आणि आणलंच. गार, मडक्यातलं, काशाच्या वाटीत. नोपारामने दोन्ही हात जोडले.

"नको बाई. लेकीचं गाव आहे."

"अहो, पण ती कुठं आहे आता?"

"गाव तर आहे ना," तो म्हणाला. "लेकीच्या गावातून बाप काही घेत नाही."

बोलला, आणि बोलता बोलता थांबला. त्याने वर बघितलं. शिडीवरच्या माणसाने एक खिळा उपटला होता, दुसऱ्याला पक्कड लावली होती. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. वाळूवरून ढगाची सावली सरकावी तसं काहीतरी त्या तोंडावरून सरकत गेलं.

"उतर भाऊ," तो शिडीवरच्याला म्हणाला. "तो खिळा परत मार."

साहेब म्हणाले, "काय झालं बाबा? सगळं ठरलंय ना आपलं?"

नोपारामने खिशातले नवे खिळे काढले आणि शिडीवरच्याच्या हातात दिले. "जुने गंजलेत. हे मार. आणि वारं सुटलं की चाचपत जा, विशेषतः डावीकडचा."

मग मला राग आला. एवढ्या लांब आलो, साहेबांपुढे तोंड वेंगाडलं, आणि हा असा. मी त्याचा दंड धरला. म्हटलं, "नोपा, डोकं ठिकाणावर आहे का? पाणी या गावचं, कबूल. पण तोरण तर तुझंच आहे, तुझ्या दारावरचं. ते न्यायला काय आड येतंय?"

त्याने माझा हात हळूच सोडवला, त्या मागे बघणाऱ्या पोपटाकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "महाराज, या गावात मी लेक दिली. इथलं घोटभर पाणीही मी कधी घेतलं नाही. आता लेक कशी परत घेऊ?"